‘चिंता मीच वाढवली, मग चूकही माझीच ना?’

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची, शिकायला स्पेनमधल्या वलेन्सियात आहे. सरांना मेल पाठवला की तो दहादा उघडून वाचते. ‘त्यांना राग तर येणार नाही ना?’ म्हणून रूममेटला विचारत बसते. रात्री छातीत धडधडतं. परवा बसमध्ये एक स्पॅनिश गाणं लागलं होतं. गाणारी म्हणत होती, ही चिंता मीच वाढवली, आता ती माझी म्हणून स्वीकारते. मला रडू फुटलं. म्हणजे चूक माझीच? आता जन्मभर हे असंच सोसायचं?

उत्तर : अगं, नाही! छातीतली धडधड तू ठरवून आणत नाहीस, तिचा दोष स्वतःला लावू नकोस. पण मेल पुन्हा उघडतेस ती तू. उघडला की घटकाभर हायसं वाटतं आणि तिथेच गोची आहे. ‘तपासलं म्हणून निभावलं’ असं मन धरून बसतं, पुढच्या वेळी आणखी हट्ट करतं. रूममेटच्या ‘छान लिहिलंयस गं’चंही तेच. चिंता वाढते ती अशी. आणि जे आपल्या हातून होतं, ते आपल्याला थांबवताही येतं.

‘विचारच करायचा नाही’ असं मात्र ठरवू नकोस. अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं. आला तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. १९८७ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

म्हणून स्वीकारायची ती धडधड, ‘सर रागावलेत’ हा निकाल नव्हे. आज मेल पाठवलास की लॅपटॉप मिट. हात शिवशिवतील, पोटात गोळा येईल. येऊ दे. त्याला घालवायला काही करू नकोस, स्वयंपाकाला लाग. पहिले काही दिवस फार जड जातील, हे आधीच सांगते. रूममेटलाही सांगून ठेव, ‘मी विचारलं तरी उत्तर देऊ नकोस.’ संध्याकाळनंतरची कॉफी बंद. धडधडीत तिची भर नको.

झोप उडाली असेल, अभ्यास होत नसेल, तर तुमच्या भागातल्या ‘सेंत्रो दे सालुद’मध्ये, म्हणजे आरोग्य केंद्रात, डॉक्टरांना भेट, धडधडीबद्दलही सांग. विद्यापीठात समुपदेशक आहेत का, तेही विचार. जीव नकोसा वाटला तर स्पेनमध्ये ०२४ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो. आणि आईला कळवलं नसशील, तर या रविवारी कळव.