बुधवारी माहीमला उतर

मुंबईत येऊन महिनाच झालाय तुला, म्हणून सांगते. शहर बघायला गेटवेपासून सुरुवात करू नकोस. बुधवारी माहीमला उतर. सेंट मायकल चर्चमध्ये त्या दिवशी नोव्हेना, म्हणजे खास सामूहिक प्रार्थना, असते आणि रांगेत कुंकू लावलेल्या बायकाही दिसतात. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात. नुसत्या मेणबत्त्या नव्हेत, तर हात, पाय, बाळ, छोटंसं घर. ज्याचं जे मागणं, तशी वस्तू तो वाहतो. माझ्या आईने मेणाचं घर वाहिलं होतं आणि घरी येऊन देवापुढे दिवाही लावला होता. तिला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.

तिथून सुफी संत मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याकडे जा. डिसेंबरात उरूस भरतो, तेव्हा संदलचा, म्हणजे मजारीवर चंदन वाहण्याचा, पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. मग माटुंग्यात फिल्टर कॉफी घे. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतून फेस कसा आणायचा ते वेटरलाच विचार, हौसेने दाखवतात.

आणि हो, हिंदीवर भागतं म्हणून मराठी टाळू नकोस. मोडकंतोडकं बोललीस तरी भाजीवाल्या मावशी कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त टाकतील.