ऑनर्स कॉलेजचा प्रवेश स्वीकारावा का?

प्रश्न : माझ्या मुलीला अमेरिकेतील एका सार्वजनिक विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश मिळाला असून तेथील ऑनर्स कॉलेजनेही तिची निवड केली आहे. या कॉलेजची पदवी वेगळी असते का? अभियांत्रिकी सांभाळून हा अभ्यास झेपेल का, आणि मध्येच सोडावा लागला तर काय होते?

उत्तर : ऑनर्स कॉलेज म्हणजे विद्यापीठातच निवडक विद्यार्थ्यांसाठी चालणारा विशेष अभ्यासक्रम. त्यामुळे पदवी सहसा विद्यापीठाचीच असते आणि अभियांत्रिकीचे बहुतेक वर्ग तुमची मुलगी इतरांबरोबरच करील, ऑनर्स पूर्ण केल्याची नोंद मात्र तिच्या गुणपत्रकावर होईल. पहिल्या वर्षाचे व्याख्यान जेथे शेकडो विद्यार्थी एकाच सभागृहात ऐकतात, अशा मोठ्या विद्यापीठात काही वर्ग तरी लहान असावेत आणि प्राध्यापकांशी थेट परिचय व्हावा, हा या व्यवस्थेचा मूळ हेतू आहे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजमध्ये, उदाहरणार्थ, अभियंता होऊ पाहणाऱ्यालाही पहिल्या वर्षी ‘द ह्यूमन इव्हेंट’ हा दोन सत्रांचा सेमिनार करावा लागतो. त्यात निरनिराळ्या काळांतील ग्रंथ वाचून येणे, वर्गात स्वतःचे मत मांडणे आणि त्यावर निबंध लिहिणे अपेक्षित असते. पाठांतरावर उत्तम गुण मिळवलेल्या मुलांना येथे पहिले काही आठवडे जड जातात, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे.

एरवीचा भार वाटतो तितका नसतो, कारण अनेक ठिकाणी ‘ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट’ची सोय असते: नेहमीच्याच विषयात प्राध्यापकांच्या संमतीने एखादा जादा प्रकल्प केला की त्याचे क्रेडिट (श्रेयांक) ऑनर्समध्ये धरले जातात. खरी कसोटी शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाची. ऑरेगन विद्यापीठाच्या क्लार्क ऑनर्स कॉलेजमध्ये तो लिहून समितीपुढे तोंडी मांडावा लागतो. प्रबंध अडतो तो बहुधा बुद्धीअभावी नव्हे, तर मार्गदर्शक उशिरा शोधल्यामुळे. म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच तिने एखाद्या प्रयोगशाळेत काम मागावे. विचारायला संकोच वाटेल, पण प्राध्यापकांना अशा विचारणांची सवय असते.

गुणांची सरासरी ठरावीक मर्यादेखाली गेली, तर ऑनर्समधून बाहेर पडावे लागू शकते. बॅरेटमध्ये ही मर्यादा 4 पैकी 3.25 आहे. ऑनर्स सुटल्याने मूळ पदवी सहसा अडत नाही. मात्र शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहातील जागा ऑनर्सशी जोडलेली असेल, तर ती जाऊ शकते, आणि पालक नेमके हेच विचारायचे विसरतात. काही ठिकाणी ऑनर्सचे वेगळे शुल्कही असते. या दोन्ही बाबी विद्यापीठाकडून लेखी मागवा. अभियांत्रिकीचा अंतिम वर्षाचा प्रकल्प प्रबंधाचा पाया म्हणून चालेल का, हेही त्याच पत्रात विचारा. होकार आला आणि मुलीला वाचन-चर्चेची आवड असली, तर प्रवेश जरूर स्वीकारावा.