वाचक विचारतात : पहिला आलेलाच बाहेर कसा?

प्रश्न : अमेरिकेतल्या ‘वेस्टर्न अमॅच्युअर’ गोल्फ स्पर्धेत चार फेऱ्यांनंतर अव्वल असलेला खेळाडू दुसऱ्याच दिवशी बाहेर पडला, असं वाचलं. त्याच्या आघाडीचं काय झालं?

उत्तर : ती तिथेच संपली. शिकागो परिसरातल्या वेस्टर्न गोल्फ असोसिएशनची ही स्पर्धा १८९९ची. आजची पद्धत १९६१पासूनची, आणि त्याच वर्षी जॅक निकलस विजेता ठरला. १५६ जण पहिले दोन दिवस रोज १८ होल, म्हणजे एक फेरी, खेळतात. त्यांतले पहिले ४४ आणि बरोबरीचे राहतात. तिसऱ्या दिवशी त्यांना एकदम ३६ होल! उन्हाळ्यात दोन फेऱ्या चालून पाय जड होतात, शेवटच्या काही होलांवर फटके वाया जातात ते त्यामुळेच.

७२ होलांत सर्वांत कमी फटके लागलेले १६ पुढे जातात. सोळाव्या जागेला बरोबरी झाली तर प्लेऑफ, म्हणजे जादा होल खेळून निकाल. मग मॅच प्ले, म्हणजे दोघांचा समोरासमोर सामना; पहिल्याची गाठ सोळाव्याशी. इथे फटक्यांची बेरीज नसते, एकेक होल जिंकायचा. चार फटक्यांच्या होलवर एखाद्याने आठ घेतले, तर आधीच्या फेऱ्यांत चारही जादा फटके अंगावर आले असते. आता फक्त एक होल जातो. त्यामुळे सातत्यवाल्यापेक्षा बेधडक खेळणाऱ्याचं फावतं. ‘३ अँड २’ म्हणजे दोन होल शिल्लक असताना तीनची आघाडी, सामना तिथेच संपला. रोज दोन सामने, दोन दिवस. टायगर वूड्सनेही १९९४मध्ये ही चाळण पार केली होती. आमच्या मते हौशी गोल्फमध्ये याहून कठीण परीक्षा क्वचितच असेल.

प्रश्न : या स्पर्धेचा कॅडींच्या (गोल्फपटूंच्या बॅगा उचलणाऱ्या मदतनिसांच्या) शिष्यवृत्तीशी काय संबंध?

उत्तर : चिक इव्हान्स. लहानपणी शिकागोत कॅडी असलेल्या या गड्याने ही स्पर्धा आठदा जिंकली, १९२० ते १९२३ सलग. गोल्फ शिकवणाऱ्या आपल्या ग्रामोफोन तबकड्यांचे पैसे स्वतः घेतले असते तर त्याचा हौशी दर्जा गेला असता. आईच्या सांगण्यावरून ते कॅडींच्या शिक्षणासाठी ठेवले गेले; १९३०मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पहिले इव्हान्स स्कॉलर दाखल झाले. शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क आणि राहण्याची सोय होते. गोल्फ उत्तम खेळता येण्याची अट नाही. कॅडी म्हणून केलेलं काम, गुण, आर्थिक गरज आणि वागणूक पाहतात. अर्ज शाळेच्या शेवटच्या वर्षी करायचा असला, तरी बॅग उचलायला त्याच्या बरंच आधी लागावं लागतं.