तासाचं व्याख्यान तीन तासांचं कसं झालं?

आपल्यासारख्या न दिसणाऱ्या वाचकांचे या वेळी पाच प्रश्न घेतले आहेत. एक ब्रेलमध्ये आला, बाकीचे व्हॉइस नोटने. सगळे आवाजाच्या फाइलींबद्दल आणि त्या वाजवणाऱ्या, उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल आहेत. उत्तरं देण्याआधी एक कळकळीची विनंती. फाइल उघडत नाही, वेळ चुकीची दाखवते, बटन बोलत नाही, म्हणून घाईने काही डिलीट करू नका. बहुतेक वेळा आतला आवाज शाबूत असतो. बिघडलेला असतो तो त्याचा हिशेब, नाहीतर पत्ता.

प्रश्न : एका व्याख्यानमालेच्या एमपीथ्री फाइली मिळाल्या. प्रत्येक व्याख्यान तासाभराचं, फाइल साधारण ४३ एमबीची. पण माझा प्लेअर 'तीन तास' सांगतो. चाळिसावं मिनिट टाइप करून एंटर मारलं की भलतीकडेच नेतो. मुलगा म्हणतो, बाबा, फाइल नीट आहे, तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबताय. (गिरगावचे एक निवृत्त शिक्षक, दृष्टी जाऊन चार वर्षं)

काका, तुम्ही काहीही चुकीचं दाबलेलं नाही. मुलगाही खोटं बोलत नाही. डोळस माणूस माउसने पट्टी ओढतो आणि कानाला हवं ते लागलं की सोडतो. पट्टीवर आकडा कोणता होता हे तो बघतही नाही. आपण आकडा टाइप करतो आणि त्यावर विसंबतो. म्हणून ही चूक आधी आपल्याला सापडते.

तुमच्या फाइली व्हीबीआर, म्हणजे बदलत्या बिट रेटच्या असणार. बिट रेट म्हणजे आवाजाच्या एका सेकंदासाठी किती माहिती साठवली ते. माणूस बोलत असेल तिथे जास्त माहिती साठवायची, शांतता असेल तिथे कमी, अशी ती पद्धत. अशा फाइलीच्या सुरुवातीला एकूण तुकडे किती आणि कुठलं मिनिट कुठे, याची छोटी नोंद असावी लागते. ती लिहायची राहिली की प्लेअर अंदाज बांधतो. सीएसएमटीवरून सुटलेली फास्ट लोकल मशीदपर्यंत रांगते. त्या वेगावरून कुणी ठाण्याला पोचायची वेळ काढली तर काय उत्तर येईल? प्लेअरने तेच केलं. व्याख्यानाच्या सुरुवातीला माइकसमोर कुणी आलेलं नसणार, नुसती शांतता, तिथे बिट रेट ३२ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ४ किलोबाइट. या हिशेबाने ४३ एमबीचे जवळपास १०,८०० सेकंद होतात. बरोबर तीन तास! खरा सरासरी बिट रेट ९६ धरा, म्हणजे सेकंदाला १२ किलोबाइट, आणि तेच ४३ एमबी एका तासात बसतात. त्यामुळे चाळिसावं मिनिट मागितलं की तुम्ही प्रत्यक्षात तेराव्या मिनिटाच्या आसपास जाऊन पडता.

उपाय सोपा आणि फुकट आहे. फूबार २००० हा प्लेअर घ्या, पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएबरोबर तो चांगला चालतो. आधी फाइलींची एक प्रत वेगळी ठेवा. मग प्लेलिस्टमध्ये फाइलीवर जाऊन ॲप्लिकेशन्स की (उजव्या क्लिकचा मेनू उघडणारी) दाबा, 'युटिलिटीज'मध्ये शिरा आणि 'फिक्स व्हीबीआर एमपीथ्री हेडर' यावर एंटर मारा. आवाजाला धक्का लागत नाही, फक्त ती राहिलेली नोंद लिहिली जाते. कंट्रोल ए करून सगळ्या फाइली एकदम निवडल्या तरी चालतं.

आणि व्याख्यानमालेच्या मंडळींना जरूर कळवा, की नुसत्या बोलण्यासाठी ६४ केबीपीएस, स्थिर बिट रेट, मोनो (एकच चॅनल) एवढं पुरतं. तासाला २९ एमबीच्या आत फाइल होते आणि वेळ कुठल्याही प्लेअरवर बरोबर दिसते.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी आजोबांची मुलाखत फोनवर रेकॉर्ड केली. ते गिरणीत होते, १९८२च्या संपाबद्दल बोलले. मध्येच फोन बंद पडला. आता एमफोरए फाइल आहे, ५२ एमबीची, पण उघडतच नाही. वेळ शून्य सेकंद. मित्र म्हणतात, रिकामी आहे, उडव. आजोबा आता फारसे बोलत नाहीत. (परळ, एम. ए.ची विद्यार्थिनी)

उडवू नकोस. मी हे इतक्या ठासून का सांगतेय, ते ऐक.

माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची. आमच्या मुलुंडच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, एका दुपारी ती चाळीस मिनिटं म्हणत राहिली आणि मी फोन मांडीवर उलटा ठेवून रेकॉर्ड करत बसले. शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, त्याही मला हव्या होत्या. शेवटाकडे फोनची बॅटरी संपली. चार्ज करून फाइल उघडली तर 'झिरो सेकंड्स'. दुकानातल्या मुलाने बघितलं आणि म्हणाला, ताई, यात काही नाही. माझ्या मनाला ते पटलं नाही, कारण प्रॉपर्टीजमध्ये टॉकबॅक, म्हणजे फोनचा पडदा वाचून दाखवणारा आवाज, ३८ एमबी वाचत होता. रिकाम्या डब्याला वजन कुठून येणार? १२८ केबीपीएसने ३८ एमबी म्हणजे चाळीस मिनिटंच होतात. तुझे ५२ एमबी म्हणजे चोपन्न मिनिटांच्या आसपास. तुझे आजोबा त्या फाइलीत आहेत.

एमपीथ्री हजारो सुट्या तुकड्यांची असते. सेकंदाला साधारण ३८ तुकडे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याची स्वतःची चिठ्ठी. मधूनच तुटली तरी तिथपर्यंत वाजते. वरळीच्या नॅब या अंधांसाठीच्या संस्थेतून मी टॉकिंग बुक्सच्या कॅसेट आणायचे, तेव्हा टेप तुटली तर भाऊ सेलोटेपने जोडून द्यायचा. एमपीथ्री त्याच जातीची. एमफोरएचं तसं नाही. आवाज आधी लिहिला जातो आणि कुठला तुकडा कुठे सुरू होतो, केवढा आहे, याची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी, तू 'स्टॉप' दाबल्यावर. तुझा फोन त्याआधीच मेला. पुस्तक छापून झालंय, पानांवर आकडे घालायचे राहिलेत, असं समज.

'अनट्रंक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर ही अनुक्रमणिका नव्याने बांधतं. त्याला दोन फाइली द्याव्या लागतात, एक बिघडलेली आणि एक चांगली. चांगली फाइल त्याच फोनवर, त्याच रेकॉर्डरने, त्याच सेटिंगमध्ये केलेली हवी, कारण तिच्याकडे बघून ते तुकडे ओळखायला शिकतं. म्हणून आजच दोन-तीन मिनिटं काहीही बोलून एक नमुना करून ठेव, आणि तोवर रेकॉर्डरचं अपडेट घेऊ नकोस, सेटिंगला हात लावू नकोस. मग दोन्ही फाइली कॉम्प्युटरवर कॉपी कर आणि काम कॉपीवरच कर. हे सॉफ्टवेअर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) हुकूम टाइप करून चालवतात. डोळस मुलांना ती खिडकी नकोशी वाटते, आपल्याला उलट सोयीची. सगळा मजकूरच असतो आणि एनव्हीडीए तो सरळ वाचतो. काम झालं की नावाच्या शेवटी 'फिक्स्ड' जोडलेली नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये मिळते.

माझी फाइल ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या लेकाने शेजारी बसून करून दिली. अगदी शेवटचे काही सेकंद गेले, एक ओवी अर्ध्यावर तुटते. बाकी सगळं आलं, शिट्ट्यांसकट. दरवेळी यश येतंच असं नाही, पण प्रयत्न केल्याशिवाय ५२ एमबी टाकून द्यायचे नाहीत. अडलीस तर या पानाच्या पत्त्यावर लिही, आपण फोनवर बोलत बोलत करू.

यापुढे अशा मुलाखतीला रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये वेव्ह किंवा एमपीथ्री मिळत असेल तर ते निवड. वेव्हला जागा फार लागते, सीडीच्या दर्जाला मिनिटाला १० एमबीच्या वर, पण फोन अचानक बंद पडला तरी आतला आवाज वाचवणं त्यात पुष्कळ सोपं असतं. आणि दर दहा मिनिटांनी थांबवून नवी फाइल सुरू कर. आजोबांना घोटभर पाणीही मिळेल.

प्रश्न : अपडेटनंतर माझं पॉडकास्टचं ॲप नुसतं 'बटन, बटन, बटन' म्हणतं. शिवाय एका पॉडकास्टचे ऐकून झालेले सगळे भाग पुन्हा 'नवे' म्हणून डाउनलोड झाले, दिवसाचा डेटा संपला. (डोंबिवली, फिजिओथेरपिस्ट)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं ॲप बनवणाऱ्यांचं. बटनांना नावंच दिलेली नाहीत, त्यामुळे टॉकबॅक तरी काय वाचणार? तात्पुरता इलाज म्हणजे बटनावर जाऊन टॉकबॅक मेनू उघडायचा आणि लेबल जोडायचं. काही ॲपमध्ये ते टिकतं, काहींमध्ये तो पर्यायच येत नाही. बनवणाऱ्यांना लिहा, मात्र कुठल्या पानावरचं कितवं बटन ते नेमकं सांगा. नुसतं 'ॲप चालत नाही' म्हटल्यावर त्यांना काही शोधता येत नाही.

दुसरं दुखणं पॉडकास्ट काढणाऱ्यांच्या बाजूचं. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक यादी, आरएसएस फीड. प्रत्येक भागाला त्यात एक ओळख क्रमांक असतो. ॲप भागाच्या नावावरून नाही, त्या क्रमांकावरून ठरवतं की हा ऐकलाय की नाही. मंडळींनी फाइली दुसऱ्या कंपनीकडे हलवल्या आणि क्रमांक बदलले, की जुने भाग नवं तिकीट काढून रांगेत येतात. तुमच्या हातात एवढंच, की ऑटो डाउनलोड बंद ठेवा आणि त्या पॉडकास्टचे सगळे भाग एकदम 'ऐकले' अशी खूण करून टाका.

ॲपच बदलायचं असेल तर मी अँटेनापॉड वापरते. मोफत आहे, जाहिराती नाहीत, बटनं बोलतात. जुन्या ॲपमधून ओपीएमएल फाइल एक्स्पोर्ट करा आणि इथे इम्पोर्ट करा. त्या फाइलीत कुठले पॉडकास्ट ऐकता एवढंच जातं, कुठे थांबला होतात ते नाही.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी पॉडकास्ट करतोय. ब्लूटूथ हेडसेटवर गाणी छान ऐकू येतात, पण त्याच्याच माइकवर रेकॉर्ड केलं की जुन्या ट्रंककॉलसारखा आवाज येतो. मध्येच एनव्हीडीएसुद्धा बोललेला सापडतो. (ठाणे)

हेडसेट चांगलाच आहे. ब्लूटूथ गाणी एका पद्धतीने पाठवतं आणि माइक चालू झाला की फोनकॉलच्या पद्धतीवर उतरतं. त्यात आवाज मोनो होतो आणि सेकंदाला फक्त ८ किंवा १६ हजार नमुने घेतले जातात. गाण्यांत ४४,१०० असतात. ८ हजारांवर तर 'स' आणि 'श'मधला फरक जिथे राहतो तो भागच बराचसा कापला जातो. तेव्हा वायरचा माइक घ्या, अगदी फोनबरोबर आलेल्या इअरफोनचासुद्धा चालेल, लॅपटॉपला त्याची जागा असली म्हणजे झालं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग-संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट आय दाबलं की रेकॉर्डिंगचं साधन निवडायची यादी येते. तिथे ब्लूटूथ किंवा 'स्टिरिओ मिक्स' असेल तर बदला. स्टिरिओ मिक्स कॉम्प्युटरमधला सगळा आवाज उचलतो, एनव्हीडीएसकट. तरीही तो शिरत असेल तर स्पीकरमधून माइकमध्ये जातोय. इअरफोन लावा, किंवा रेकॉर्डिंगपुरतं एनव्हीडीए की आणि एस दाबून त्याला गप्प करा.

संकलनासाठी माझी एक आवडती गोष्ट सांगते. ऑडॅसिटीत फाइल वाजत असतानाच नको असलेला भाग सुरू झाला की डावा चौकोनी कंस दाबायचा, संपला की उजवा. भाग निवडला गेला. थांबवून सी दाबलं की तो भाग कापल्यावर कसं ऐकू येईल ते वाजवून दाखवतं. पटलं की डिलीट. पडद्यावरच्या नागमोडी रेषेकडे बघायची गरजच नाही.

प्रश्न : सासूबाईंना पेनड्राइव्हवर भजनं भरून दिली. फाइलींना १ ते ४० नंबर दिलेत, तरी त्यांचा छोटा प्लेअर कुठूनही सुरू होतो. व्हॉट्सॲपवरून आलेली तर वाजतच नाहीत. (लालबाग)

व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट ओपस प्रकारच्या असतात. स्वस्त प्लेअरला तो प्रकार कळत नाही. ऑडॅसिटीत उघडून एमपीथ्री म्हणून एक्स्पोर्ट करा. ऑडॅसिटी जुनी असेल आणि फाइल उघडली नाही, तर तिला एफएफएमपेग ही जोड द्यावी लागेल.

नंबरांचं म्हणाल, तर १ नंतर १० आणि मग २ हा बऱ्याच प्लेअरचा हिशेब, म्हणून ०१, ०२ असं लिहा. नाव देवनागरीत असेल तर आकडे मात्र इंग्रजी अंकांत ठेवा. आणि काही प्लेअर नावाकडे बघतच नाहीत, पेनड्राइव्हवर जी फाइल आधी कॉपी झाली ती आधी वाजवतात. म्हणून पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करून रिकामा करा आणि ०१ पासून एकेक फाइल क्रमाने कॉपी करा. चाळीस भजनांना दहा मिनिटं लागतील. सुरू केल्यावर पहिलं भजन पहिलं लागलं का ते कळवा. नाही लागलं तर प्लेअरच्या मागचा मॉडेल नंबर कुणाकडून तरी वाचून घ्या आणि पाठवा.