टेक्सासमध्ये ३०० डॉलरच्या आसपास, कपड्याखाली बाळगायला कोणतं पिस्तूल घ्यावं?

आधी व्हिसा बघा. ग्रीन कार्ड असेल तर ठीक. एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवताच येत नाही.

मी टॉरस जी३सी सुचवेन. ९ मिमी, १२ गोळ्यांचं मॅगझिन, बजेटमध्ये बसतं. रुगर एलसीपी खिशात मावतं, पण इतकं हलकं की झटका थेट तळहातावर येतो आणि करंगळीला धरायला जागाच उरत नाही. नवख्याने ते टाळावं. आधी नेमबाजीच्या रेंजवर पिस्तूल भाड्याने घेऊन ५० गोळ्या झाडून बघा. होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, मात्र काटकसर नको: ट्रिगर पूर्ण झाकणारं, कायडेक्स या कडक प्लास्टिकचंच घ्या. घरात मुलं असतील तर कुलपाची पेटी त्याच दिवशी आणा.