रात्रीची गाडी कुठे धरायची, कुठे सोडायची

प्रिय मित्रा,

तुम्हा दोघांचा व्हिएतनामचा आराखडा वाचला. हनोईत उतरायचं, सा पा करून परत यायचं, मग ह्यूए, होई आन, न्या त्रांग, दा लात करत हो ची मिन्ह सिटी गाठायची, आणि आतल्या आत एकही विमान घ्यायचं नाही. बेत झकास आहे. खटकलं ते एवढंच की १४ रात्रींपैकी ६ रात्री तुम्ही गाडीत काढणार आहात, आणि कारण दिलंयस 'हॉटेलचे पैसे वाचतात'.

वाचतात, कबूल. पण पहाटे पाचला नव्या गावात उतरलात तरी खोली ताब्यात येते दुपारी. मधल्या वेळात कॉफी, नाश्ता, पुन्हा कॉफी आणि 'मी आधीच म्हटलं होतं' हे सगळं होतं, तेही हिशेबात धर. जोडप्यांची प्रवासातली भांडणं अशा पारोशा सकाळीच पेटतात. म्हणून लागोपाठ दोन रात्री गाडीत नकोत, आणि सहाच्या तीन करा.

कुठल्या तीन? दोनच गोष्टी बघ. पूर्ण झोप होईल इतका प्रवास लांब आहे का, आणि अंधारात काय हुकणार आहे.

सा पाचंच घे. हनोईहून लाओ कायला रात्रीची रेल्वे साधारण आठ तास घेते, सकाळी सहाच्या सुमारास पोचवते, पुढे ३८ किलोमीटरचा घाटरस्ता मिनीबसने. २०१४ मध्ये द्रुतगती मार्ग झाल्यापासून बस मात्र थेट सा पाला पाच-सहा तासांत जाते. ऐकायला बस बरी वाटते, पण रात्री हा वेगच नडतो. दहाला निघालात तर तीन-चारला पोचलात. उजाडेपर्यंत उभ्या बसमध्ये पडून राहू देतात बऱ्याचदा, पण ती काही झोप नव्हे. जाताना रात्रीची रेल्वे आणि येताना दिवसाची बस घ्या. मग एक रात्र हनोईत, पलंगावर.

दुसरी रात्र हनोई ते ह्यूए, ६८८ किलोमीटर. हनोई–सायगाव (म्हणजे आजची हो ची मिन्ह सिटी) हा १,७२६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग फ्रेंचांच्या काळात तुकड्या-तुकड्यांनी बांधला गेला, १९३६ साली पुरा झाला, युद्धात तुटला आणि १९७६ च्या अखेरीस पुन्हा जोडला गेला. मीटरगेज आणि एकेरी असल्याने गाडी फार पळत नाही, तेरा-चौदा तास घेते. संध्याकाळी हनोई सोडलीत तर सकाळी ह्यूए. उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक विषम असतात, एसई-१, एसई-३ असे. तिकीट काढताना तेवढं बघून घ्या.

ह्यूएला उतरा, राहा. पुढचा दानांगपर्यंतचा १०३ किलोमीटरचा टप्पा मात्र दिवसाउजेडीच, आणि रेल्वेनेच. इथे हाय व्हानचा घाट आहे. रूळ कड्याला बिलगून वळणं घेत जातात आणि खाली समुद्र. दक्षिणेकडे जाताना तो डाव्या हाताला असतो, म्हणून डावीकडची खिडकी मागा. बसने गेलात तर २००५ मध्ये सुरू झालेल्या सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून पलीकडे निघाल आणि भरदिवसासुद्धा घाट दिसणार नाही. तुझ्या आराखड्यात नेमका हाच टप्पा रात्रीच्या बसने आहे! तेवढं खोडच.

होई आनला रेल्वे स्टेशन नाही, दानांगला उतरून तीसेक किलोमीटर रस्त्याने जायचं. तिसरी रात्र दानांग ते न्या त्रांग, नऊ-दहा तास. न्या त्रांग ते दा लात हा सगळा चढाचा रस्ता, चारेक तासांचा, दिवसाच करा. दा लातला पूर्वी दातेरी रुळांची रेल्वे चढत असे. आता तिचा फक्त सातेक किलोमीटरचा तुकडा पर्यटकांसाठी चालतो, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. तिथून हो ची मिन्ह सिटीलाही दिवसाची बस बरी.

रेल्वेत चार बर्थचा 'सॉफ्ट' डबा घ्या. सहा बर्थच्या डब्यात सगळ्यात वरच्या बर्थवर नीट बसताही येत नाही. लोक जोडीने खालचे दोन बर्थ घेतात. मी म्हणेन समोरासमोरचे वरचे घ्या. खालच्यावर दिवसा कुणीही टेकतं, वर तुम्हाला कुणी उठवत नाही.

बसमध्ये दिवसासुद्धा बहुतेक वेळा झोपायच्याच जागा असतात. चढताना बूट काढून मिळालेल्या पिशवीत घालायचे. नेहमीच्या बसमध्ये एकेरी जागांच्या तीन ओळी, दोन मजले, आणि पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात. उंच माणसाचे हाल होतात. खालची, मधल्या भागातली जागा कमी हलते. शौचालय प्रत्येक बसमध्ये नसतं, हे आधी विचारा.

तुमच्यापैकी एकाला गाडीत झोप लागते आणि दुसऱ्याला नाही, असं लिहिलंयस. मग रात्रीच्या प्रवासाबाबत ज्याला झोप लागत नाही त्याचा शब्द शेवटचा ठेवा. आणि उतरल्यावर पहिला तासभर कुणी बोललं नाही तर त्याचा अर्थ लावत बसू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. ई-व्हिसाच्या अर्जात आत येण्याचं आणि बाहेर पडण्याचं ठिकाण भरावं लागतं. पुढे कंबोडियात उतरायचं मनात असेल तर ते आत्ताच ठरवा. रेल्वेच्या तिकिटावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून बघा. हॉटेलवाले नोंदणीसाठी पासपोर्ट घेतात, तो त्याच संध्याकाळी परत मागा. पैसे आणि कार्डं दोघांच्या पिशव्यांत विभागून ठेवा.

आता तारखा. ऑक्टोबरच्या शेवटी हनोईला छान हवा असते, पण ह्यूए, दानांग, होई आन या पट्ट्यात तेव्हा पावसाचा आणि वादळांचा जोर असतो. होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं, रूळ वाहून गेले तर गाड्या अडकतात. सुट्टी मार्चात ढकलता आली तर ढकला. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, बहुधा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतं आणि त्याच्या आसपास तिकिटं मिळत नाहीत. मार्चपर्यंत ती गर्दी ओसरलेली असते. आणि रजा ऑक्टोबरातच मिळणार असेल तर मधला पट्टा सोडून उत्तरेतच फिरा. तसं असेल तर कळव, सा पाच्या पुढचा नवा आराखडा करून पाठवतो.

तुझा,
काका