पाऊस लागला की आईचा दम वाढतो

"ऑक्सिजन 94 येतोय, एक्स-रेत नवीन काही नाही. तरी पावसाची झड लागली की आई रात्रभर बसून काढते. आजार आहे की मनाचे खेळ?" पंचगंगेकाठच्या गावातल्या एका मुलाचा हा प्रश्न. जुलै-ऑगस्टात करवीर-शिरोळकडच्या अनेक घरांतून तो येतो. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

या आजी, म्हणजे त्या मुलाची आई, 71 वर्षांच्या. विडीला कधी हात लावला नाही, पण जन्म चुलीपुढं गेला, त्यातून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. ऑगस्ट 2019च्या महापुरात शेजाऱ्यांच्या स्लॅबवर दोन रात्री अडकल्या. श्वासाच्या औषधाचा पंप (इनहेलर) खाली घरातच राहिला. "पान्याचा वास आला की छातीवर कोन बसल्यागत हुतंय." तेव्हापासून पावसाळ्यात खिडकी बंद आणि तासातासाला एकच विचारणं, "किती फूट झालं?"

हे नाटक नव्हे. सीओपीडीत आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. भीतीनं श्वास भराभर चालला की सोडायला वेळच उरत नाही, हवा छातीत कोंडते आणि पुढच्या श्वासाला जागा राहत नाही. म्हणून आकडा बरा असूनही दम लागतो. त्यात आराम देणारा पंप पुन्हा पुन्हा मारला की हात कापतात, छाती धडधडते. तीही भीतीच वाटते.

आधी छातीच्या डॉक्टरांची तपासणी, मग पंपाची पद्धत. आजी दोन फवारे लागोपाठ मारत, औषध घशातच बसे. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध धरून ठेवणारी पोकळ नळी, लावला: पंप हलवायचा, श्वास सोडायचा, एक फवारा सावकाश ओढून 10 सेकंद किंवा जमेल तेवढा रोखायचा, दुसरा मिनिटभरानं. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ.

दम लागला की पुढं वाकून कोपरं मांडीवर, नाकानं दोन मोजत आत, शीळ घालतो तसे ओठ करून चार मोजत बाहेर. सराव बरं असताना, दिवसातून तीनदा. "जोरात श्वास घे" असं घरच्यांनी म्हणू नये, अडचण सोडण्यात आहे. झोपेची गोळी शेजारणीकडून घेऊ नये, तिनं श्वास मंदावू शकतो. वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर झाले, गुंगी आली, तर भीती समजून थांबू नका, थेट दवाखाना.

पुराचं खोदून विचारलं नाही. तिसऱ्या भेटीत आजी आपणहून बोलल्या: म्हशीचं दावं सोडायचं राहिलं होतं, मध्यरात्रीपर्यंत ती हंबरत होती. दम त्या आवाजाशी बांधला गेला होता.

म्हणून घरात एक कागद लिहिला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका 43. आपण 43ची वाट पाहायची नाही. 39ला आजी आणि जनावरं वरच्या गावात बहिणीकडं. दाराच्या खुंटीला पिशवी: दोन पंप, स्पेसर, 15 दिवसांची औषधं, प्लॅस्टिकमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी. गोठ्यातली दावी कोण सोडणार, त्याचं नावही कागदावर.

यंदा आजी पातळी दोनदाच विचारतात, सकाळी आणि दिवेलागणीला. खिडकी थोडी उघडी असते.